एक्केचाळीस दुरुस्त्या

छापखान्यात त्याला सगळे बत्तीशी म्हणत. तो तिथे मुद्रितं तपासायचा. पावतीपुस्तकं, नियमावल्या, परीक्षेचे अर्ज, औषधांच्या खोक्यात घडी घालून ठेवतात ती मुंगीएवढ्या अक्षरांतली माहितीपत्रकं. दिवसभर त्याच्या चेहऱ्यावरची रेष हलायची नाही, पण हसला की वरचे-खालचे सगळे दात एकदम बाहेर यायचे आणि बराच वेळ आत जायचे नाहीत. पस्तिशी उलटेपर्यंत त्याच्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नव्हतं.

मग एके दिवशी यंत्रावरचा एक जुना कामगार निवृत्त झाला. निरोपाच्या सभेत मालक बोलले, व्यवस्थापक बोलले, आणि सभा अशी काही मरगळली की मागून कुणीतरी म्हणालं, "बत्तीशी, तू बोल दोन शब्द." बत्तीशीकडे दोन शब्द नव्हते. आदल्या संध्याकाळी त्याचा मेव्हणा घरी येऊन गेला होता, तेवढं ताजं होतं. त्याने मेव्हण्याची नक्कल केली.

मेव्हणा म्हणजे बायकोचा थोरला भाऊ. सरकारी खात्यात लिफ्ट तपासनीस. एकटा जीव, आणि आयुष्यभर लोकांच्या लिफ्ट तपासून स्वतः मात्र तळमजल्यावर राहणारा. कोणत्याही खुर्चीवर तो सरळ बसत नसे. आधी दोन्ही तळव्यांनी पाठ दाबून बघायची, एकदा डावीकडे रेटायची, एकदा उजवीकडे, मग गुडघा टेकून चारही पाय निरखायचे, उठायचं, हात झटकायचे आणि म्हणायचं, "चालेल. पण जपून." त्यानंतर तो बसायचा, तेही कुणाच्या तरी मांडीवर बसल्यासारखा, अर्धाच.

छापखान्यात लोक पोट धरून हसले. ज्याला निरोप द्यायचा होता त्या कामगाराला ठसका लागून पाणी द्यावं लागलं. बत्तीशी घरी आला तो जमिनीपासून वीतभर वरून चालत. बायकोने सगळं ऐकून घेतलं. ती चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढायची, त्यामुळे समोरच्याला नेमकं किती दिसतंय हे तिला लवकर कळायचं.

"दादाला सांगितलंत का?" तिने विचारलं.

"सांगायचं काय त्यात? प्रेमानेच करतोय."

"मग सांगायला काय हरकत आहे?"

त्याने सांगितलं नाही. टायरच्या दुकानावरच्या एका सभागृहात दर शनिवारी संध्याकाळी नवशे-गवशे आपापले विनोद ऐकवत, तिथे तो जाऊ लागला. सुरुवातीला त्याने दुसरंही बरंच करून पाहिलं. छापखान्यातल्या चुका, शेजारी, दंतवैद्य. लोक सभ्यपणे ऐकून घ्यायचे. मेव्हणा आला की छत डोक्यावर घ्यायचे. तेव्हा हळूहळू शेजारी गळाले, दंतवैद्य गळाला आणि मेव्हणाच उरला. दोन वर्षांनी बत्तीशीने नोकरी सोडली. पाच वर्षांनी 'चालेल, पण जपून' हे वाक्य कपांवर आणि पिशव्यांवर छापून आलं, शाळेच्या फळ्यांवर खडूने लिहिलं गेलं, आणि एका मंत्र्याने पुलाच्या उद्घाटनात वापरलं.

मेव्हणा एकदाच कार्यक्रमाला आला. बहिणीने तिकीट दिलं म्हणून आला. तिसऱ्या रांगेतल्या आपल्या खुर्चीपाशी पोचला, दोन्ही तळव्यांनी पाठ दाबली, डावीकडे रेटली, उजवीकडे रेटली, वाकला. आजूबाजूच्यांना वाटलं, हा कुणीतरी नक्कल करणारा चाहता आहे. पडदा उघडायच्या आधीच टाळ्या पडल्या. मेव्हण्याने मागे वळून पाहिलं, कुणासाठी टाळ्या वाजतायत ते त्याला कळलं नाही, तो बसला. दोन तास त्याने स्वतःला रंगमंचावर पाहिलं. कार्यक्रम संपल्यावर तो आत आला.

"कसं वाटलं, दादा?" बत्तीशीने विचारलं.

"जावईबापू, रंगमंचाची डावीकडून तिसरी फळी ढिली आहे," मेव्हणा म्हणाला. "व्यवस्थापकाच्या कानावर घातलंय."

बास, एवढंच. बत्तीशीला हायसं वाटलं. माणूस रागावला नाही म्हणजे त्याला आवडलं, असा हिशोब करून त्याने पुढची सहा वर्षं ढकलली. तिसऱ्या फळीचा किस्साही मग कार्यक्रमात आला.

अकराव्या वर्षी ते प्रकरण अंगाशी आलं. एका सहा मजली इमारतीत मेव्हणा तपासणीला गेला. दोराच्या तारा तुटायला लागल्या होत्या. त्याने सोसायटीच्या चिटणिसांना बोलावून सांगितलं, "लिफ्ट आजपासून बंद. उद्या सकाळी येऊन मी सील लावतो. तोवर कुणी चढायचं नाही." चिटणीस त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर ओळख पटल्याचा आनंद पसरला. त्यांनी जिन्यावरून चार जणांना हाक मारली. "अहो, हे बघा, हुबेहूब." मेव्हण्याने तेच पुन्हा सांगितलं, आणि जितकं गंभीरपणे सांगितलं तितके ते हसले. त्याने लेखी सूचना दिली, ती कुणीतरी फलकावर लावली आणि खाली लिहिलं, 'चालेल, पण जपून.' संध्याकाळी लिफ्ट दोन मजल्यांच्या मधून सुटली आणि तळाशी आपटली. आत एकच बाई होत्या, चौथ्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या. जीव वाचला, घोटा मोडला.

चौकशी तीन दिवस चालली. दुसऱ्या दिवशी बायको बत्तीशीला म्हणाली, "आज तुम्ही त्याच्याबरोबर जाऊन बसा." तिने आवाज चढवला नाही, म्हणून तो मुकाट्याने गेला.

चौकशीच्या खोलीबाहेर लांबलचक व्हरांडा होता आणि एक लोखंडी बाक. मेव्हणा त्या बाकावर बसला होता. त्याने बाक तपासला नव्हता. दोन्ही हात गुडघ्यांवर पालथे ठेवून, समोरच्या भिंतीवरच्या विजेच्या खोक्याकडे बघत तो बसला होता, आणि या वेळी पुरता बसला होता. बत्तीशी शेजारी टेकला. तेवढ्यात दोन कारकून आले.

"सर, एक सही. आणि एकदा ते करून दाखवा ना, खुर्चीचं."

बत्तीशीने नको म्हणून मान हलवली, पण सही दिली, आणि सवयीने दातही दाखवले. मेव्हणा विजेच्या खोक्याकडे बघत राहिला.

निकाल लागला. तपासनिसाची चूक नाही, त्याने वेळेवर सूचना दिली होती, असं अहवालात स्पष्ट लिहिलं होतं. मात्र हा अधिकारी जिथे जाईल तिथे लोकांची करमणूक होते, सबब खात्याच्या प्रतिष्ठेसाठी त्याला अभिलेखांच्या खोलीत बसवावं, असंही लिहिलं होतं. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. ती त्याने जुन्या फायलींत काढली.

बत्तीशीने विनोद सोडला. मुलाखतीत त्याने सांगितलं की हे माध्यम आता त्याला अपुरं वाटू लागलं आहे. खरं कारण सांगायला तो दोनदा तोंड उघडून बसला होता, पण मुलाखत घेणारी त्याआधीच हसायला लागली.

घरी बसून सहा महिने झाले आणि एका दिग्दर्शकाचा फोन आला. बोटी बंद पडलेल्या धक्क्यावरच्या एका तिकीटवाल्याची गोष्ट होती. बोट येणार नाही हे माहीत असूनही तो खिडकी उघडून बसतो, एवढंच त्यात घडायचं.

"मला का घेताय?" बत्तीशीने विचारलं.

"तुमचा चेहरा हसलेला नसतो तेव्हा फार वाईट दिसतो," दिग्दर्शक म्हणाला. "तोच मला हवाय. अट एकच. पूर्ण सिनेमाभर दात दिसता कामा नयेत."

चित्रीकरणाच्या चौथ्या दिवशी धक्क्यावरच्या बाकाचा प्रसंग होता. कॅमेरा लांब लावला होता. दिग्दर्शक म्हणाला, "काही करू नका. नुसते बसा." बत्तीशी बसला. दोन्ही हात गुडघ्यांवर पालथे, नजर समोर. पाच मिनिटं कुणी हललं नाही. नंतर कॅमेरावाल्याने नाक शिंकरलं.

सिनेमा लागला आणि समीक्षकांनी त्या पाच मिनिटांवर रकाने भरले. बसणं ही कला आहे हे आम्हाला आज कळलं, असं एकाने लिहिलं. पुरस्कार मिळाला. व्यासपीठावर बत्तीशीने दिग्दर्शकाचे, कॅमेरावाल्याचे, धक्क्यावरच्या खलाशांचे, छापखान्याचे आणि आईचे आभार मानले.

"हात दादाचे होते," घरी आल्यावर बायको म्हणाली.

"कुठले हात?"

"बाकावरचे. नावं वाचलीत सगळ्यांची. एक राहिलं."

त्यावर बत्तीशी म्हणाला की अभिनय ही आतून येणारी गोष्ट असते. बायको म्हणाली, "हो, पण कुणाच्या आतून?" आणि दिवा बंद करून झोपली.

आणखी तीन सिनेमे झाले. तिन्हींत तो बसलेलाच होता. मग एका प्रकाशिकेने आत्मचरित्र मागितलं. बत्तीशीला हे मनापासून आवडलं, कारण आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्यावर स्वतःची पानं भरायला मिळत होती. वर्षभर तो जेवणाच्या टेबलाशी बसून लिहीत होता. बालपण, वाचन, कलेचं मर्म, एकटेपणा. चारशे पानं झाली. प्रकाशिकेने ती आठवड्याभरात वाचली आणि त्याला बोलावलं. तिच्या टेबलावर दोन गठ्ठे होते.

"या गठ्ठ्यात मेव्हण्याची दोनशे पानं आहेत," ती म्हणाली. "ही आपण छापू. झकास आहेत."

"आणि त्या गठ्ठ्यात?"

"त्यात तुम्ही आहात. तो घरी न्या."

बत्तीशीचा चेहरा पडला, पण त्याला बोलायला वाव न देता ती पुढे म्हणाली, "आणि हो, त्यांची लेखी संमती लागेल. जिवंत माणूस आहे. उद्या काही झालं तर मला ताप नको."

म्हणजे जाणं आलं. एवढ्या वर्षांत तो मेव्हण्याच्या घरी एकटा असा कधी गेला नव्हता. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, खिडकीत धुतलेले दोन शर्ट, भिंतीवर एक गोल मोठी खूण, जणू तिथे बरेच दिवस काहीतरी टेकवून ठेवलेलं असावं. मेव्हण्याने गठ्ठा हातात घेऊन वजन पाहिलं.

"किती दिवसांत हवंय?"

"सवडीने वाचा, दादा."

"सवड म्हणजे किती दिवस?"

"पंधरा म्हणू या."

पंधराव्या दिवशी सकाळी फोन आला. "झालंय. या."

मेव्हण्याने एक तक्ता तयार केला होता. पट्टीने आखलेला, चार रकान्यांचा. अनुक्रमांक, पान, आढळलेली त्रुटी, शेरा. त्याने चष्मा लावला आणि वाचायला घेतलं.

"एक. पान सात. माझी बॅटरी पिवळी लिहिली आहे. काळी होती. दोन. पान नऊ. मी चहात बिस्किट बुडवून ते पडेपर्यंत मोजतो, असं लिहिलंय. मी बिस्किट खात नाही. तीन. पान चौदा. इथे मी मोठ्याने हसलो असं लिहिलंय. त्या दिवशी मी हसलो नव्हतो."

बत्तीशीने आधी मान डोलावली, मग वहीत टिपून घ्यायला लागला. हे त्याचंच जुनं काम होतं, फक्त टेबलाची बाजू बदलली होती.

"सतरा," मेव्हणा पुढे वाचू लागला. "पान एकसष्ट. 'रविवारी सकाळी हा गृहस्थ कुठे जातो हे कुणालाच ठाऊक नाही.' तुमच्या बायकोला ठाऊक आहे. मी बँडमध्ये वाजवतो. एकोणीस वर्षं झाली."

"काय वाजवता?"

"मोठा ड्रम."

बत्तीशीचं लक्ष भिंतीवरच्या गोल खुणेकडे गेलं. अकरा वर्षं त्याने हा माणूस विकला होता, त्याच्या चपला कशा झिजतात हेदेखील त्याला तोंडपाठ होतं. ड्रम त्याच्या कानावर कधी आला नव्हता, कारण त्याने कधी विचारलं नव्हतं.

"चौतीस. पान एकशे सोळा. लिफ्टमधल्या बाईंचं वय चाळीस लिहिलंय. त्या सत्तावन्न वर्षांच्या होत्या. घोटा उजवा नाही, डावा. 'थोड्याच दिवसांत त्या हिंडू-फिरू लागल्या', हे चूक आहे. अजून काठी लागते. मी महिन्यातून एकदा जातो."

यानंतरच्या सहा दुरुस्त्या किरकोळ होत्या. मग मेव्हण्याने कागद उलटला.

"एक्केचाळीस. पान एकशे त्रेचाळीस. 'त्याने मला केव्हाच माफ केलं होतं.'" तो थांबला, चष्मा वर सरकवला. "शेरा. असं काही झालेलं नाही."

खिडकीबाहेर कुणीतरी सायकल उभी करत होतं, तिचा स्टँड दोनदा निसटला. बत्तीशीचे दात सवयीने बाहेर आले होते. ते त्याने मोठ्या कष्टाने आत घेतले.

"तुम्ही कधी काही बोलला नाहीत, दादा. मला वाटलं—"

"तुम्ही कधी विचारलं नाहीत."

"मग आता विचारतो."

"विचारा."

बत्तीशीने श्वास घेतला. "दादा," तो म्हणाला, मग थांबला, मग म्हणाला, "मला माफ करा. मनापासून." आणि स्वतःच्याच कानांवर त्याचा विश्वास बसेना. आवाज मेव्हण्याचा होता. तोच नाकातला ठेका, तीच दोन शब्दांमधली विश्रांती. त्याने जीभ चावली, खाकरला, पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तोच आवाज. इतकी वर्षं रंगमंचावर खरेपणाने बोलायची वेळ आली की त्याने हाच आवाज काढला होता, आणि आता दुसरा सापडत नव्हता.

"हा माझा आहे," मेव्हणा म्हणाला.

"हो."

"तुमचा कुठाय?"

बत्तीशीने वही मिटली.

मेव्हण्याने तक्त्याची घडी घातली. "संमती देतो. अट एक. या एक्केचाळीस दुरुस्त्या पुस्तकाच्या शेवटी छापायच्या. शब्द न बदलता." त्याने सही केली, तारीख घातली. बत्तीशी दारापर्यंत गेला तेव्हा तो मागून म्हणाला, "बँडला एक क्लॅरिनेटवाला कमी आहे. शिकवतात. रविवारी साडेसातला, शाळेच्या व्यायामशाळेत."

"मला कुठलं वाद्य येतं, दादा?"

"त्याची एक सोय आहे. वाजवताना बोलता येत नाही."

हा विनोद होता की सूचना, याचा बत्तीशी घरापर्यंत विचार करत गेला.

पुस्तक निघालं, दुरुस्त्यांसकट. दोन महिन्यांत दुसरी आवृत्ती निघाली. समीक्षकांनी एकमुखाने सांगितलं की परिशिष्ट हा पुस्तकाचा कळस आहे. लेखकाने निर्माण केलेल्या पात्राने लेखकालाच तपासावं, ही कल्पना कुणाला कधी सुचली नव्हती. वाचकांच्या मेळाव्यात लोक त्याला एक्केचाळिसावी दुरुस्ती मोठ्याने वाचायला लावायचे. 'असं काही झालेलं नाही' या वाक्याला हशा आणि टाळ्या ठरलेल्या.

"हे तुम्हाला सुचलं कसं?" एका बाईंनी विचारलं.

"मला सुचलेलं नाही. त्यांनीच लिहिलंय," बत्तीशी म्हणाला. सभागृह हसलं.

"खरंच सांगतो. त्यांनी मला माफ केलेलं नाही." सभागृह आणखी हसलं. पहिल्या रांगेतले एक गृहस्थ रुमालाने डोळे टिपत होते. चिटणिसांसमोर उभ्या राहिलेल्या मेव्हण्याला त्या दिवशी कसं वाटलं असेल, हे बत्तीशीला त्या क्षणी जेवढं कळलं तेवढं दोनशे पानं लिहून कळलं नव्हतं. त्याने पुढचे मेळावे रद्द केले. प्रकाशिकेने वर्तमानपत्रांना सांगितलं की लेखक एकांतात आहे, त्यामुळे तिसरी आवृत्ती निघाली.

तो मेव्हण्याकडे गेला आणि म्हणाला, "शिवणकामवाल्या बाईंकडे पुढच्या वेळी जाल तेव्हा मलाही न्या." शब्द त्याने रात्रभर पाठ केले होते. आवाज चिरका निघाला, पण मेव्हण्याचा नव्हता.

बाई आता तळमजल्यावर राहत होत्या. मशीन खिडकीपाशी, काठी मशीनला टेकवलेली. त्यांनी बत्तीशीला ओळखलं आणि हातातलं कापड बाजूला ठेवलं.

"तुम्ही होय? अहो, मी तुमची पहिल्यापासूनची."

"बाई, मी माफी मागायला आलोय."

"कशाची?" त्या मेव्हण्याकडे वळल्या. "यांना सांगितलं नाहीत का तुम्ही? त्या दिवशी जिन्यात सगळ्यात जास्त मीच हसले होते. फलकावरचं ते वाक्यही मीच लिहिलं. आणि मग मीच चढले, हसत हसत." त्यांनी डावा पाय थोडा पुढे घेतला. "यांना मी हे सांगितलं तेव्हा यांनी वहीत लिहून घेतलं."

बत्तीशीने मेव्हण्याकडे पाहिलं. मेव्हणा खिडकीचा कोयंडा बघत होता.

"आता आलाच आहात तर करून दाखवा ना एकदा," बाई म्हणाल्या. "खुर्चीचं. किती वर्षांत पाहिलं नाही."

"मी ते सोडलं, बाई."

"करा," मेव्हणा म्हणाला.

मग बत्तीशीने केलं, ज्याचं होतं त्याच्यासमोर, हातभर अंतरावर. दोन्ही तळवे, डावीकडे, उजवीकडे, गुडघा टेकून चार पाय, उठून हात झटकणं. बाई हसल्या, काठी घसरून पडली तरी हसत राहिल्या. मेव्हण्याने शेवटपर्यंत लक्ष देऊन पाहिलं.

"मी उजवा गुडघा टेकत नाही," तो म्हणाला. "डावा टेकतो."

"हे तक्त्यात नव्हतं."

"तुम्ही लिहिलंच नव्हतं. करत होता."

बत्तीशीने डावा गुडघा टेकून पुन्हा एकदा केलं. या वेळी मेव्हण्याने नुसती मान हलवली.

रविवारी साडेसातला तो शाळेच्या व्यायामशाळेत गेला. बँड चालवणाऱ्या बाई इस्पितळातून निवृत्त झालेल्या मेट्रन होत्या. त्यांना सिनेमा बघायला वेळ मिळाला नव्हता आणि पुस्तकं त्या झोपेसाठी वाचत. त्यांनी बत्तीशीचं तोंड उघडून आत पाहिलं, जसा एखादा रुग्ण बघावा.

"दात भरपूर आहेत," त्या म्हणाल्या. "खालचे ओठाने झाका. वरचे वाद्यावर ठेवा. आणि हसायचं नाही, हवा निसटते."

बावन्नाव्या वर्षी त्याने पहिला सूर काढला. तो बदकासारखा आला. आठ महिने तो घरी न्हाणीघरात दार लावून बसायचा, आणि बायको बाहेरून फक्त एवढंच सांगायची की मघाचा बरा होता. शेवटी त्याला तिसऱ्या क्लॅरिनेटची जागा मिळाली. तिसऱ्या क्लॅरिनेटला वाजवायला फार थोडं असतं. एका तुकड्यात तर चौसष्ट मात्रा नुसतं मोजत बसायचं, मग चार सूर, मग पुन्हा मोजायचं. मोजायला चुकलं की मागून ड्रमचा एक ठोका यायचा, जागेवर, पक्का, आणि त्याला कळायचं की आपण कुठे आहोत.

वर्तमानपत्रात मात्र आलं, 'विनोदवीर, अभिनेता, लेखक आणि आता संगीतकार'. बागेतल्या चौथऱ्यावर बँडचा कार्यक्रम होता. एरवी तिथे तीस माणसं असायची, त्या दुपारी तीनशे आली. बत्तीशी क्लॅरिनेट घेऊन आपल्या जागी बसला तेव्हाच लोक हसले. त्याचे पहिले चार सूर आले, त्यातला एक बदकाचा निघाला, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मेट्रनबाईंनी हात खाली केला. बँड थांबला. त्या लोकांकडे वळल्यासुद्धा नाहीत.

"पहिल्यापासून," त्या बँडला म्हणाल्या.

दुसऱ्यांदाही लोक हसले, पण थोडे. बाईंनी पुन्हा थांबवलं. "पहिल्यापासून." तिसऱ्यांदा पुढच्या रांगेतली काही माणसं कंटाळून उठून गेली. उरलेल्यांनी ऐकलं. बत्तीशीने चौसष्ट मोजले, चार सूर वाजवले, ते बेताचे पण जागच्या जागी आले, आणि कुणाचंच त्याच्याकडे लक्ष गेलं नाही. एवढं मोठं दुर्लक्ष त्याच्या वाट्याला पूर्वी कधी आलं नव्हतं. त्याला ते फार आवडलं, आणि थोडं लागलंही.

कार्यक्रम संपल्यावर एक वार्ताहर मुलगी वही उघडून चौथऱ्यापाशी आली.

"सर, विनोद, अभिनय, लेखन, आणि आता हे. या सगळ्या प्रवासामागचं सूत्र काय सांगाल?"

बत्तीशीने उत्तर द्यायला तोंड उघडलं. त्याच्याकडे बरंच होतं, प्रकाशिकेने परत केलेल्या गठ्ठ्यात सगळं लिहूनही ठेवलेलं होतं. तेवढ्यात मेव्हणा ड्रमचं भलंमोठं खोकं कडेपर्यंत ओढत आला.

"जावईबापू, ती बाजू धरा."

बत्तीशीने मुलीला हाताने जरा थांबायची खूण केली, क्लॅरिनेटची पेटी काखेत मारली आणि खोक्याची बाजू धरली. त्याला वाटलं होतं त्याच्या दुप्पट ते जड होतं. पायऱ्या सात होत्या. खालची बाजू त्याच्याकडे असल्याने त्याला उलटं उतरावं लागत होतं, आणि पाय कुठे पडतोय हे दिसत नव्हतं. वर मेव्हणा एकेक पायरी सांगत होता, न थांबता, सपाट आवाजात.